मी आत आलोय

कडेगावजवळच्या एका साखर कारखान्यात संयोगिता संगणकांचं जाळं सांभाळायची. कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद, हे दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर तिथं होतं. त्याच्या जुन्या आवृत्तीत भोक असल्याचं तिनं वाचलं. यंत्राच्या नावाच्या रकान्यात कुणी नावाऐवजी कोड लिहिला, की जो ते पान उघडेल त्याच्या संगणकावर तो कोड चालायचा. नवी आवृत्ती टाकू द्या म्हणून ती व्यवस्थापक लालासाहेबांकडे दोनदा गेली होती. "चाललंय की झकास. ऐन हंगामात हात लावायचा न्हाई," एवढंच उत्तर मिळालं.

वाचलं ते खरं का, हे बघायला तिनं वजनकाट्याच्या यंत्राच्या नावाजागी एक ओळ लिहिली. पडद्यावर चौकट उगवली: 'मी आत आलोय.' ती ओळ पुसणार, तोच शेजारच्या केबिनमधून लालासाहेबांची किंकाळी आली. त्यांनीही तेच पान उघडलं होतं.

"आकाराम! पळ रं! कोणतरी आत शिरलंय!"

आकाराम म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, आता कारखान्याचे सुरक्षाप्रमुख. काठी घेऊन आले, टेबलाखाली वाकले, कपाट उघडलं.

"सायेब, हितं कोण न्हाई."

"अरं, कंप्युटरात!"

आकारामांनी क्षणभर विचार केला आणि दिसतील तेवढ्या वायरी उपटल्या.

काटा बंद पडला. उसाचे ट्रॅक्टर फाट्यापर्यंत तुंबले. गाळपासाठी ऊस टाकतात त्या गव्हाणीत जेमतेम तासभराचा ऊस उरला. लालासाहेब पोलिसांचा नंबर शोधू लागले, तशी संयोगिता त्यांच्या केबिनच्या दारात आली. नोकरी तर जाणारच, वर बेड्याही पडतील. पण गप्प बसून गाळप थांबलं तर?

"सर, ते... मीच लिहिलंय."

लालासाहेबांनी फोन खाली ठेवला. "कुणाला पाठीशी घालतीस, पोरी? तुला न्हाई जमायचं हे."

"खरंच मीच, सर."

"मग दाव करून."

तिनं वायरी जोडल्या, जुनी ओळ पुसली, नवी लिहिली. लालासाहेबांनी डोळे किलकिले करून पान उघडलं. 'लालासाहेब, नवी आवृत्ती टाकू द्या.'

आकाराम तिच्यापासून दोन पावलं मागं सरकले. लालासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"टाका, म्याडम. आत्ताच टाका." मग दार लोटून हळूच म्हणाले, "माझ्या मोबाइलातलं बी दिसतंय का वो तुमाला?"

दिसत नव्हतंच. 'नाही' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बघावं लागेल, सर," ती म्हणाली.