आबा बुडाल्याची खबर

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: शेंद्र्याजवळची एक वस्ती, कोरडी विहीर आणि आठवड्यातून एकदाच येणारा टँकर. हंड्यांच्या रांगेत पुंजाराम आबा उभे आहेत. मनगटावर पट्टा, छातीवर चिकटपट्टी, चपलेत एक छोटं यंत्र. तिघं मिळून आबांची प्रकृती पाहतात. त्यांचं सॉफ्टवेअर मोठं स्वावलंबी. एकाचं म्हणणं पटलं नाही तर बाकीच्यांना विचारतं, आणि कुठल्याही माणसाला न विचारता निर्णय घेतं.

हे सगळं बसवलं आबांच्या मुलाने, विश्वजीतने. बजावलंही होतं, "आबा, यंत्राची एक जरी तक्रार आली, तर गाव सोडून माझ्या फ्लॅटवर यायचं."

"त्या खुराड्यात? मी नाय येत!" आबा म्हणाले होते.

त्या दिवशी हंडे सगळे सारखेच दिसत होते. आबांनी ओळखीला पट्टा आपल्या हंड्याच्या गळ्यात बांधला. चहाला जाताना नंबर धरायला चपला रांगेत ठेवल्या. टँकर आला, आबा अनवाणीच धावत परतले, पाणी पडू लागलं आणि हंडा गळायला लागला! आबांनी छातीवरची पट्टी ओढून भोकावर चिकटवली. चपला ओघळात भिजत राहिल्या.

सॉफ्टवेअरने तिघांना विचारलं. तिघांचं एकमत झालं: पेशंट गार, नाडी नाही, चहूकडून पाणी. पेशंट बुडाला! लगेच अँब्युलन्सला आणि विश्वजीतच्या फोनवर खबर गेली.

थोड्याच वेळात अँब्युलन्स आली. मागून कारखान्यातून निघालेला विश्वजीत धापा टाकत पोचला.

"कोण बुडालं?" ड्रायव्हरने विचारलं.

रांगेतल्या भामाबाई हसल्या. "इथं चिमणी बुडायला पाणी नाय, बाबा!"

आबा अनवाणी, हंड्याला हात लावून उभे होते. विश्वजीत मटकन खालीच बसला. मग संतापला. "बास झालं, आबा! सामान बांधा. आत्ताच निघायचं."

आबांचा चेहरा उतरला. सुट्टीला आलेल्या नातीने, मोनिकाने, तो पाहिला. तिने हंड्याचा पट्टा सोडला आणि गुपचूप पप्पांच्या मनगटावर बांधला.

विश्वजीतचा फोन बोलू लागला, "पेशंट सापडला. नाडी फार जोरात आहे. विश्रांती द्या. आज प्रवास नको."

"ऐक की यंत्राचं," आबा हळूच म्हणाले. "लई घाबरलास का रं?"

विश्वजीतने होकाराची मान डोलावली.

मोनिकाने दुसरा रिकामा हंडा आणला. मग पप्पांच्या पायातले बूट काढले आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवले.