गावंडेकाकांच्या चार ओळी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका गावंडेकाकांनी माझ्यादेखत कात्रीने कापली. मी ती त्यांच्या हातात दिली, "काका, लग्नाला नक्की यायचं" म्हणालो, आणि पाठ फिरवेपर्यंत तिचे सहा चौकोन झाले होते. एका चौकोनावर गणपती, दुसऱ्यावर मंगल कार्यालयाचा अर्धा पत्ता. काकांनी एक चौकोन उलटा केला आणि कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवून पाहिला.

"मस्त आहे गा प्रशांत. शाई फुटत नाही याच्यावर. अजून दहा-बारा उरल्या असन तं आणून दे."

नवरदेव कोण, काय करतो, कसलीही चौकशी नाही. लग्नालाही आले नाहीत. पण पत्रिका मात्र दहा-बारा नाही, चांगल्या चाळीस नेल्या. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत लग्न कोणाचंही असो, त्याच्या पत्रिकेच्या पाठीमागे मार्चपर्यंत दहावीचं विज्ञान लिहिलेलं असतं.

गावंडेकाका आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत लूमवर, म्हणजे मागावर, तीस वर्षं काढून निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मीनल हैदराबादला नोकरीला असते. घरात एकटेच. स्वतःला काम नाही म्हणून गल्लीतल्या पोरांसाठी लष्कराच्या भाकऱ्या भाजतात, असं मी म्हणतो. त्यांच्या मते ते पोरांना 'चार्ज द्यायला' शिकवतात.

हा चार्ज मी इतक्या वेळा ऐकलाय की गिरणी न पाहताही मला तिथे नोकरी मिळेल. एक शिफ्ट सुटते, दुसरी येते. सुटणारा कारागीर येणाऱ्यासाठी चिठ्ठी ठेवतो. अमुक लूमवर डावीकडून धागा तुटतो, तमुक लूमचा पट्टा सैल आहे. संपली चिठ्ठी.

"जे चांगलं चालून राहिलं ते लिहाचंच नाही," काका बोट नाचवत सांगतात. "जिथं अडते तेवढंच लिहाचं. अन् चार ओळीच्या वर नाही. बाहेर घरी जाची बस उभी राहते गा. पाचवी ओळ लिहिली तं लिहिणाऱ्याची बस चुकते, अन् वाचणारा तं वाचतच नाही."

परीक्षेच्या नोट्स म्हणजे हीच चिठ्ठी, असा त्यांचा सिद्धांत. आजच्या पोराने परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या पोराला दिलेला चार्ज. हा सिद्धांत ते किराणा दुकानात सांगतात, दळणाच्या रांगेत सांगतात. आमच्या पाण्याच्या मोटरच्या बटणाखालीही त्यांनी एक चौकोन चिकटवलाय: 'आधी वरचा कॉक पाहा. बंद असन तं मोटर जळते.' त्या चौकोनामुळे मोटर दोनदा वाचली, असं माझी बायको वैशाली म्हणते. तिचं काय, ती कोणाचीही बाजू घेते.

माझं दुखणं वेगळं आहे. मी एका सरकारी कार्यालयात एकोणीस वर्षं टिपण्या लिहितोय. लिहिण्यातलं मला थोडंफार कळतं, असा माझा समज होता. एकदा काकांनी फाटकातच अडवलं. "काल ऑफिसात काय लिहिलं गा? न पाहता सांग." मी तोंड उघडलं, आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' याच्या पुढे मला एक शब्द आठवेना. "पाह्य आता," काका म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून मी मागच्या दाराने जातो.

अशात आमची रुचा दहावीत गेली.

रुचाच्या नोट्स पाहण्यासारख्या होत्या, हे मी बाप म्हणून नाही, टिपणीवाला म्हणून सांगतो. विज्ञानाची एकशेबारा पानी वही. व्याख्या गुलाबी, सूत्रं निळी, उदाहरणं हिरवी. प्रत्येक धड्याच्या शीर्षकाला सावलीची अक्षरं आणि कोपऱ्यात वेलबुट्टी. मोबाइलवर एक मुलगी अशा वह्या करून दाखवते, तिचं पाहून चाललं होतं सगळं. पाव्हणे आले की वैशाली ती वही बाहेर काढायची.

पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग एकमध्ये रुचाला चाळीसपैकी नऊ मार्क पडले.

घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. बोर्डाच्या परीक्षेला नऊ आठवडे उरले होते आणि पोरगी विज्ञानात आपटते की काय, ही धास्ती तिघांच्याही तोंडावर होती. वैशाली देव पाण्यात घालून बसली. मी दोन जाडजूड गाइडं आणली. आणि तिसऱ्या दिवशी, कोणी बोलावलेलं नसताना, गावंडेकाका कात्री आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन हजर.

त्यांनी ती वही चाळली. बराच वेळ चाळली.

"हे कोणासाठी लिहिलं वं?"

"माझ्यासाठीच, आजोबा."

"पुस्तक पाहून?"

"हो."

"मंग पुस्तक तं तुह्यापाशी होतंच ना बाई. हे दुसरं काहून केलं?"

रुचाचे डोळे भरले. काकांना त्याचं काही नाही. त्यांनी मला स्टूल मागितलं, आणि पाव्हण्यांना दाखवायची आमची वही माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागे ठेवून दिली.

मग सुरू झाला चार्ज. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून पाहायचं की गाडी कुठे अडली. जिथे अडली तेवढंच आपल्या शब्दांत चौकोनावर, चार ओळींत. बाकीचा कागद चुरगळून टाकायचा. दोन दिवसांनी परत पुस्तक मिटून तोच धडा, मग आठवड्याने परत. रंग एकच, निळा. वेलबुट्टी दिसली की चौकोन जप्त.

महिनाभर आमच्या बैठकीच्या खोलीत हेच. मी ऑफिसातून थकून यावं तर माझ्या खुर्चीत काका बसलेले. टीव्ही लावायची सोय नाही. "आवाज कराचा नाही गा, पोट्टी आठवून राहिली." माझ्या घरात मीच चपला हातात घेऊन चालत होतो. नाकी नऊ आणले माणसाने. तरी मी गप्प राहिलो, कारण हळूहळू रुचाकडे पासष्ट-सत्तर चौकोनांचा नीटस गठ्ठा जमला होता. तो रबर लावलेला गठ्ठा पाहून मला जरा धीर यायचा.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा एका संध्याकाळी घरी आलो, तर काका आणि रुचा समोरासमोर बसलेले आणि मधे फरशीवर कागदाचा ढीग. काका एकेक चौकोन उचलत होते, प्रश्न विचारत होते, तिने बरोबर सांगितलं की चौकोन टराटरा फाडत होते. पन्नासएक तरी फाडून झाले होते.

"काका! काय करून राहिले तुम्ही?"

"आलं ते फाडाचं," ते शांतपणे म्हणाले. "चार्ज घेतला का चिठ्ठी फाडाची. जुनी चिठ्ठी राहिली तं कारागीर दुरुस्त झालेलंच दुरुस्त करत बसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभराचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. "ही तुमची गिरणी नाही काका! माझ्या पोरीचं वर्ष आहे हे. तुमच्या घरी आहे का कोणी दहावीला? नाही ना? मग तुमचं काय जातं फाडायला? आणि तुम्ही स्वतः किती शिकले हो?"

"दहावी नापास," काका म्हणाले.

काही न लपवता, विचारल्याबरोबर. मग त्यांनी फरशीवरचे तुकडे गोळा केले, कात्री खिशात घातली आणि गेले. वैशालीने स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवलं.

चार दिवस काका आले नाहीत. खुर्ची माझी मला मिळाली, टीव्हीही मिळाला. रुचाने माळ्यावरची वही काढली आणि ती घेऊन बसली. पण पानं नुसती उलटत होती. पाचव्या दिवशी तिने एक नवा चौकोन लिहून माझ्या हातात दिला.

"हे आजोबांना द्या. एवढं एकच अडून राहिलं मला."

"तूच दे ना."

"बोलले कोण होते, मी का तुम्ही?"

चौकोनावर लिहिलं होतं: 'आजोबा, भिंगाच्या गणितात वस्तूचं अंतर नेहमी उणे का असते? दर वेळी इथंच चुकते.'

काका घरी मेथी निवडत बसले होते. त्यांनी चष्मा लावून चौकोन वाचला, मग ते आत गेले आणि स्टीलचा एक मोठा डबा घेऊन आले. मला वाटलं, चिवडा देतात की काय. डब्यात चिठ्ठ्या होत्या, वह्यांच्या फाडलेल्या कागदांवरच्या. शेकड्याने असतील. त्यांनी वरवर चाळून त्यातली एक नेमकी काढली. अक्षर मुलीचं होतं.

'बाबा, भात कुकरमध्ये आहे. भिंगाच्या गणितात वस्तूचं अंतर उणे का असतं?'

खाली काकांचं वाकडंतिकडं अक्षर: 'मले माहीत नाही. तू शोध अन् मले समजावून लिही. चार ओळीतच लिही, लय झोप येते.'

"मीनल आठवीत होती तवा तिची माय गेली," काका म्हणाले. "माही सेकंड शिफ्ट. मी येवो तवा पोरगी झोपली राहे, अन् पोरगी शाळेत जाये तवा मी झोपलो राहो. एका घरात राहून तोंड दिसत नव्हतं गा. मंग ती कुकरवर चिठ्ठी ठेवे. आता मले सायन्स कोठचं येते? पण पोरगी पुसते तं 'नाही येत' म्हणून कसं सोडाव? म्हणून तिलेच समजवाले लावो. डोये मिटत राहे, चार ओळीच्या वर वाचनंच होत नव्हतं."

म्हणजे हा सगळा सिद्धांत, ज्यामुळे माझी खुर्ची गेली, तो एका थकलेल्या माणसाच्या झोपेतून निघाला होता. मीनल त्याच चार-चार ओळी बापाला समजावत दहावी झाली आणि पुढे इंजिनियर झाली.

"या नाही फाडल्या तुम्ही," मी म्हणालो.

"बाकीच्या फाडतो." त्यांनी चिठ्ठी परत डब्यात ठेवली. "हे दोघाईचं बोलणं आहे गा. दुसरं झालंच नाही आमचं. आता फोन येते रोज. 'जेवले का बाबा?' 'जेवलो, तू?' 'जेवली.' मंग ती गप, मी गप. मंग ती ठेवते."

मला माझीच लाज वाटली. माफी मागायला गेलो होतो, पण तीही धड जमली नाही. "उद्या या काका," एवढंच म्हणालो.

ते आले. मीनलचं उत्तर त्यांच्या डब्यात होतंच, पण ते आणलं नाही. रुचासमोर बसून म्हणाले, "मले नाही समजलं वं हे उणे. तू समजव." रुचा चिडली, मग विचारात पडली, मग म्हणाली, "आजोबा, भिंग म्हणजे तुमचं दार समजा. मोजायचं दारापासून. उजेड डावीकडून येते अन् उजवीकडे जाते. उजेडासोबत चाललो तर अधिक, उजेडाच्या उलट चाललो तर उणे. वस्तू आपण डावीकडे ठेवतो ना, म्हणजे दारापासून तिच्याकडे जायला उलट चालावं लागते." आणि बोलता बोलता ती स्वतःच थांबली. "हे तर सोपं आहे."

काकांनी तो चौकोन फाडला. मी आतल्या खोलीत निघून गेलो. काही गोष्टी समजल्या म्हणून बघवतात असं नाही.

निकाल लागला तेव्हा रुचाला विज्ञानात शंभरपैकी अडुसष्ट होते. वैशाली रडली आणि तिने पेढे आणायला मला पिटाळलं. काकांनी पेढा हातात धरून आधी विचारलं, "बत्तीस कोठी अडले?" या माणसाचं काय करावं! मग मात्र पेढा खाल्ला, रुचाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढलाच नाही. "मीनलले सांगाव लागन," म्हणत त्यांनी तिथूनच फोन लावला.

"हां, मीनल. रुचा पास झाली. हो. अडुसष्ट. जेवलो. तू? बरं."

फोन संपला. काका हातातल्या फोनकडे पाहत उभे राहिले.

"एवढंच आजोबा?" रुचा म्हणाली. "आत्ता तर किती खुश होते तुम्ही."

"तोंडानं येत नाही वं मले."

"मग लिहा ना." तिने वहीचं पान फाडून पेनासकट त्यांच्यापुढे ठेवलं.

ते आमच्या टेबलाशी बसले. अर्धा तास लागला. मग कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "याचा फोटो काढून तिले पाठव गा. मले ते जमत नाही," आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण फोटो काढायचा तर वाचलं जातंच.

'मीनल, पोट्टी पास झाली तं तुही भल्ली आठवण आली.
मी बरा आहो.
फोन ठेवाच्या आधी तुले काय म्हणाव, ते मले अजून येत नाही.
तू समजावून लिही.'

पहिला फोटो हलला. दुसरा काढला आणि पाठवला.

"गेला का?"

"गेला काका."

"बरं मंग, निघतो." ते चपला शोधू लागले. परीक्षेपर्यंत मी ज्या क्षणाची रोज वाट पाहायचो, तो हाच. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे केली.

"बसा काका. उत्तर येईपर्यंत बसा."