कुमुदआत्याचा बटलर

आमची कुमुदआत्या हॉटेलात जेवून उठली की टेबल पुसायला येणाऱ्या माणसाला काही कामच उरत नाही. ताटल्या मापाप्रमाणे एकावर एक रचलेल्या असतात, सगळे चमचे एका वाटीत उभे असतात आणि टेबलावरून तिच्या पर्समधलं फडकं फिरलेलं असतं. वेटर "राहू द्या आजी" म्हणत धावत येतो, तेव्हा ती शांतपणे सांगते, "हे काय, झालंच."

लग्नाला गेली की ती पाहुणी म्हणून फार वेळ टिकत नाही. ठाण्याच्या एका हॉलमध्ये ती बुफेच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली आणि जिलब्या वाढायला लागली. कॅटररला वाटलं बाई मुलीकडच्या असतील, मुलीकडच्यांना वाटलं कॅटररच्या असतील. आम्ही तर मुलाकडचे होतो. दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात कापसाचा बोळा असताना, तिने त्यांची हत्यारं उंचीप्रमाणे लावून दिलेली मी स्वतः पाहिली आहेत.

टिप या विषयावर तिची मतं ठाम आहेत. बडीशेपेच्या ताटलीत नोट ठेवून चालू पडणं तिला अजिबात पसंत नाही. "देवळाच्या पेटीत टाकल्यासारखं काय ते? माणूस समोर उभा आहे ना? मग हातात द्यावं." आणि हातात द्यायचं म्हणजे आधी तो माणूस शोधायचा, त्याचं नाव विचारायचं, गाव विचारायचं, घरी कोण कोण असतं ते विचारायचं आणि मग द्यायचं. तोवर आम्ही बाहेर फुटपाथवर रिक्षा थांबवून रिक्षावाल्याची बोलणी खात असतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे मला आणि माझ्या धाकट्या भावाला, मंदारला, तिनेच वाढवलं. आई-बाबा गेल्यापासून ती डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात एकटीच असते. मी मागच्याच गल्लीत राहते. मंदार ठाण्याला, बाळकुमच्या एका उंच टॉवरमध्ये. तिला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मंदारच्या मनाने घेतलं की आत्याने आयुष्यात एकदा तरी काही न करता नुसतं बसायचं. जमिनीवर हे शक्य नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं. तेही साधं नाही. बाल्कनीची मोठी खोली, आणि त्या खोलीला एक स्वतंत्र बटलर.

बटलर म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायला मंदार मुद्दाम डोंबिवलीला आला. आपल्या सेवेला एक माणूस, तो चहा आणेल, बॅग उघडून कपडे लावेल, इस्त्री करून देईल. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि ज्याच्यासाठी एवढं करायचं त्या माणसाला काही आजार वगैरे आहे का, असं विचारलं. मग मंदार टिपकडे वळला. जहाजावर सेवेचे पैसे बिलातच लावलेले असतात, त्यामुळे वेगळं द्यायलाच हवं असं नाही. तरी खोलीत खाणं घेऊन येईल त्याला दर वेळी थोडंसं द्यावं. बटलरला मात्र मधेमधे काही द्यायचं नाही, शेवटच्या दिवशी एकदम पाकिटात घालून द्यायचं. तीच तिथली पद्धत.

पाकीट म्हटल्यावर आत्याचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी तिने फडके रोडवरून आहेराची पाकिटं आणली. वर गणपती आणि कोपऱ्यात रुपया चिकटवलेला.

खोलीत आत्याच्या सोबतीला मी होते. आमच्या बटलरचं नाव बिशाल. चाळिशी ओलांडलेला, कानाजवळ पांढरे झालेले केस, अंगात पितळी बटणांचा काळा कोट. त्याने वाकून स्वागत केलं तेव्हा आत्याही वाकली. मग त्याने नियमाप्रमाणे आणखी वाकायचा प्रयत्न केला, आणि हे कुठे थांबेल या काळजीने मी दोघांना आत घेतलं. आत्याने गाव विचारलं. तो म्हणाला कालिम्पाँग. आत्याला ऐकू आलं कळंबोली.

"म्हणजे जवळच की," ती मला म्हणाली. "पण मराठी कसं येत नाही याला?"

कालिम्पाँग तिकडे दार्जिलिंगजवळ आहे, हे मी तिला समजावणार होते. पण ती तोवर त्याला कळंबोलीत पाणी वेळेवर येतं का ते विचारायला लागली होती. तो म्हणाला, पाण्याचा त्रास आहे खरा. कालिम्पाँगलाही असावा.

मग दोघांची शर्यत सुरू झाली. तो सकाळी पलंग आवरायला यायचा, तर चादर आधीच ताणून बसवलेली आणि आत्या खुर्चीत पेपर वाचत बसलेली. तो टॉवेल बदलायला यायचा, तर जुने टॉवेल धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातलेले. अरबी समुद्रावर आमची तेवढी एकच बाल्कनी चाळीतल्यासारखी दिसत होती. त्याने चहा आणला की ती त्यालाच खुर्ची द्यायची आणि म्हणायची, "तुम बैठो, मैं ओतती है." तो बसायचा नाही, ती ओतायची थांबायची नाही. बिचारा रिकामा ट्रे छातीशी धरून उभा राहायचा.

मंदार बायकोपोरांसह शेजारच्याच खोलीत होता. रोज येऊन विचारायचा, आत्या, आराम चाललाय ना. ती म्हणायची, हो तर. तेव्हा तिच्या एका हाताला साबणाचा फेस असायचा.

आमचं जहाज लक्षद्वीपला होतं त्या सकाळी प्रकरण अंगाशी आलं. नाश्त्याच्या बशा विसळून झाल्यावर आत्याला वाटलं, याला उगाच खेप कशाला. ती ट्रे घेऊन स्वयंपाकघर शोधायला निघाली आणि फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या एका दारातून आत गेली. तिथे बिशालचा साहेब उभा होता. थोड्या वेळाने साहेब, बिशाल आणि आत्या अशी वरात आमच्या दाराशी आली. साहेब आमच्याशी अतिशय गोड बोलला, माफी मागितली. मग बिशालकडे वळून इंग्रजीत, आवाज न चढवता, चार वाक्यं बोलला. पाहुण्यांना स्वतः भांडी उचलावी लागतात, याचा अर्थ तुमचं लक्ष नाही. असं पुन्हा दिसलं तर या मजल्यावर तुम्हाला ठेवता येणार नाही.

आत्याला इंग्रजी फार येत नाही. पण बिशालची मान ज्या तऱ्हेने खाली गेली ती तिला समजली. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "गलती मेरा है," ती साहेबाला म्हणाली. "उसका कुछ नहीं."

साहेब गेल्यावर बिशालने दार हळूच लावलं. तो रागावलेला नव्हता, दमलेला दिसत होता.

"माँजी," तो म्हणाला, "सब आप ही कर लेंगी, तो मैं किस काम का?"

आत्या पलंगाच्या कडेला बसली. त्या दिवशी ती किनाऱ्यावर उतरली नाही. मंदार पोरांना घेऊन बोटीने बेटावर गेला, मी तिच्याजवळ थांबले. आम्ही दोघी बाल्कनीत बसलो होतो. मला वाटलं साहेबाचं बोलणं लागलं असेल. पण ती भलतंच बोलायला लागली.

गेल्या वर्षी मंदारने तिला कायमचं म्हणून बाळकुमला नेलं होतं. महिन्याभरात ती परत आली. लिफ्टमध्ये कान बसतात, असं तिने कारण सांगितलं होतं, आणि आम्ही तिला कानाच्या डॉक्टरकडेही नेलं होतं.

"कानाला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "त्याच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे, भांड्यांना मशीन आहे. लादी पुसायला तो एक गोल डबा फिरतो. मी पाय आडवा घातला तर तो डबाही वळसा घालून जायचा. सगळे चांगलं वागायचे गं. आजी, बसा. आजी, काय हवं. पण माझ्याकडून कुणाला काही नको होतं. सकाळी उठून सोफ्यावर बसायचं, आणि रात्री सोफ्यावरून उठायचं."

आम्ही इतकी वर्षं तिच्या या खोडीचे किस्से सांगून पाहुण्यांना हसवत आलो होतो. मी तिचा हात हातात घेतला, आणि तिने लगेच माझ्या बांगडीचा सैल झालेला फासा दाबून घट्ट केला.

संध्याकाळी बिशाल चहा घेऊन आला तेव्हा आत्या खुर्चीत बसून होती. रक्त तपासायला बसतात तशी, दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. त्याने चहा ओतला आणि साखर किती घालू, असं विचारलं. आत्या गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं. जन्मभर ती सगळ्यांचे कप भरायची आणि पातेल्यात उरेल तो चहा प्यायची. शेवटी बिशालने थोडी थोडी घालत, तिला चाखायला लावत, माप ठरवलं. दीड चमचा निघाला. त्यानंतर ती त्याला सगळं करू द्यायला लागली. कठीण जात होतं तिला, तो चादर घालताना ती डोळे मिटून घ्यायची. पण हात मांडीवरून हलले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी जेवायला जाण्याआधी दार वाजलं. बिशाल कोट हातावर घेऊन उभा होता. बाहीचं बटण तुटलंय, तो संकोचून म्हणाला. इतक्या उशिरा शिंपी मिळणार नाही, आणि उद्या सकाळी पाहुण्यांना निरोप द्यायला कोट तर लागणार. माँजींकडे सुईदोरा असेल का?

आत्याकडे सुईदोरा नसेल असा प्रवास झालेला नाही. तिने चष्मा लावला, दिवा जवळ ओढला आणि त्याला बसायला सांगितलं. या वेळी तो बसला. बटण लावता लावता तिने त्याला त्याच्या आईबद्दल विचारलं. आई गावी असते, तो म्हणाला. जहाजावर आल्यापासून तिला अर्ध्या वर्षातून एकदा भेटतो. आत्याने दोरा दातांनी तोडला, कोट झटकून त्याच्या खांद्यावर घातला, आणि मग ते रुपयावालं पाकीट दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिलं.

"कलंबोली से डोंबिवली को सीधा बस है," ती म्हणाली. "आई को लेके आना."

"ज़रूर आऊँगा, माँजी," तो म्हणाला आणि वाकला. या वेळी ती वाकली नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो गेल्यावर मी दोऱ्याचे तुकडे गोळा करत होते. कोटातून निघालेला जुना काळा दोरा त्यात होता. तुटलेला दोरा पिंजारतो. याची टोकं सरळ, नेमकी होती. मी तो आत्याला दाखवावा की नाही, याचा विचार करत होते.

"दिसलं मला," ती सुया डबीत ठेवत म्हणाली. "कात्रीने कापलंय. उगाच नाही चार पदरी शिवलं."

मग ती तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

जेवताना मी मंदारला सगळं सांगितलं. सोफा, गोल डबा, बटण. त्याच्या पुढ्यातलं आईस्क्रीम तसंच वितळून गेलं.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून बायकोपोरांना टॅक्सीने पुढे पाठवून तो आम्हाला आपल्या गाडीने डोंबिवलीला सोडायला निघाला. ठाणं जवळ आलं तसा त्याने घसा साफ केला. आमच्या बाईंना रविवारी सुट्टी हवी असते, तो रस्त्याकडे बघत म्हणाला. आणि घरात कुणालाच आमटी धड जमत नाही. मोठ्या मुलाला शिकायची आहे, पण शिकवणार कोण?

आत्या आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बाई रविवारी येत नाहीत, हे पहिल्यांदाच ऐकत होतो आम्ही दोघी. तिला ते कळलं. आणि तिला कळलंय, हे त्याला कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"आमसुलं आहेत का घरात?" तिने विचारलं.

"नसतील."

"मग वाटेत घे," ती म्हणाली.

मंदारने माजिवड्याला गाडी बाळकुमच्या रस्त्याला घातली.