बाळ वाळलं की गं!

एका जंगलात एक जुनं जांभळीचं झाड होतं आणि त्या झाडाच्या ढोलीत खारींचं एक कुटुंब राहायचं. आई चपळाबाई, बाबा झुपकेराव आणि त्यांचा एकुलता एक टिल्लू. खाऊन-पिऊन सुखी होती मंडळी. त्यातलं पिणं कमी, खाणं जास्त.

ढोलीचं दार अगदी लहान होतं, बरं का मुलांनो. मुद्दामच लहान. कारण त्याच जंगलात एक रानमांजरी राहायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशी झाडावर सरसर चढायची, गोड बोलायची आणि खारी खायची. म्हणून खारींच्यात एक रीत होती. ज्या दारातून मावशीचं डोकं आत जात नाही, त्याच दारामागे संसार थाटायचा.

टिल्लू जन्मला तेव्हा भुईमुगाच्या शेंगेएवढा होता. म्हणून तर नाव टिल्लू. चपळाबाईला पहिल्या दिवसापासून एकच घोर. लेकराचं पोट भरलं असेल ना?

सकाळी शेंगदाणे. मग जांभळं. मग तोंडात टाकायला तीळ. मग जेवण. झोपून उठला की खाऊ. रडला की खाऊ. रडायचा थांबला की शहाणा बाळ म्हणून खाऊ.

टिल्लू म्हणायचा, "आई, पोट भरलं."

"असं कसं भरेल? हा घास चिऊचा. हा घास काऊचा. हा माऊचा."

जंगलच ते! तिथं नावांना काय तोटा? चिऊ-काऊ झाले की पोपट, मग साळुंकी, मग ससा. हत्तीपर्यंत येता येता संध्याकाळ व्हायची.

आणि टिल्लूनं तोंड मिटूनच घेतलं तर? त्यावर बाबांनी युक्ती काढली होती. पानाच्या पुडीत एक काजवा. ढोलीत दिवसाही अंधार. काजवा लुकलुकला की टिल्लू आ वासून बघत बसायचा. उघड्या तोंडात घास घालायला असा कितीसा वेळ लागतो?

बाहेर फांदीवर शेजारच्या ठकूबाईची पोरं शिवाशिवी खेळायची.

"आई, मी जाऊ?"

"पडशील. हातपाय मोडशील. आणि खेळून खेळून वाळशील. काजवा बघ बघू!"

ठकूबाई वयानं मोठी. एकदा ती म्हणाली, "चपळे, राग मानू नकोस. पण टिल्लूला जरा कमी दे आणि फांद्यांवर सोड. आमची बघ कशी पळतात."

"पळतील नाही तर काय? तुमच्या घरात बसून खाण्यासारखं आहे काय?" चपळाबाई म्हणाली.

ठकूबाई गेल्यावर तिनं मीठ-मिरच्यांनी टिल्लूची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका म्हणून उठला नाही. म्हणजे दृष्ट भारीच लागली होती! ती उतरली म्हणून टिल्लूला दोन घास जास्त मिळाले.

मग एके दिवशी टिल्लू दारात अडकला. डोकं बाहेर, बाकीचा टिल्लू आत.

आई बाहेरून ढकलू लागली. बाबा आतून ओढू लागले.

"तुझ्या घासांनी झालंय हे!" बाबा आतून ओरडले.

"माझ्या? मग काजवा कुणी आणला? आणि त्याचं मुळात हाडच मोठं आहे. तुमच्याच घराण्याचं!"

"आमच्या घराण्यात दारात कुणी अडकलं नव्हतं!"

मधे बिचारा टिल्लू. चूक कुणाची हे काही ठरेना. आईला वाटलं, तोंड बाहेर आहेच तर तेवढ्यात दोन घास देऊन घ्यावेत.

शेवटी टिल्लू आत पडला. एक कान सोलवटला. पाठोपाठ चपळाबाईही आत शिरली, कारण खालून मावशी येत होती. मावशीनं दाराला एक डोळा लावला.

"अगं बाई, चपळे! बाळ वाळलं की गं!"

चपळाबाईला रोज वाटायचं ते आज पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

"खरंच का हो, मावशी?"

"तर काय! डोळे बघ कसे आत गेलेत. आणि हे काय दार म्हणायचं? लेकराचा कान कसा झालाय! आई ना गं तू?"

बोलता बोलता मावशीनं आपल्या मिशा दाराच्या कडांना टेकवून बघितल्या. सहजच.

ती गेल्यावर चपळाबाई म्हणाली, "अहो, दार मोठं करा."

"अगं पण, मावशीचं डोकं..."

"तुम्हाला मावशीच्या डोक्याची पडलीय! पोराचा कान नाही दिसत?"

बाबांनी दार कुरतडून मोठं केलं. महिन्याभरात टिल्लू पुन्हा अडकला. मावशी पुन्हा आली, पुन्हा हळहळली, पुन्हा मिशा टेकवून गेली. या खेपेला सुतारपक्ष्याला बोलावलं.

"किती मोठं करू?" त्यानं विचारलं.

"बाळाला खरचटणार नाही एवढं," चपळाबाई म्हणाली. "आणि जरा वाढतंच ठेवा. वाढतं वय आहे."

दार काय छान झालं! एवढं मोठं दार जंगलात दुसऱ्या एकाही खारीचं नव्हतं. चपळाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसली.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा दोघंही शेंगा आणायला गेले. टिल्लूपुरत्या शेंगा आता एकट्याला उचलायच्या नाहीत. टिल्लू काजवा बघत बसला होता. एवढ्या मोठ्या दारातून उजेड यायचा, काजवा नीट दिसायचा नाही. अचानक ढोलीत अंधार झाला. काजवा मस्त चमकायला लागला. दारात कोण आलं हे बघायला टिल्लूनं मानसुद्धा वळवली नाही. नेहमीसारखा म्हणाला,

"आई, पोट भरलं."

"माझं कुठं भरलंय रे अजून, राजा," मावशी म्हणाली.

आई-बाबा परत आले तेव्हा ढोलीत तेवढा काजवा लुकलुकत होता.

सगळं जंगल गोळा झालं. झुपकेराव म्हणाले, सुतारानं दार नको तेवढं मोठं केलं. सुतारपक्षी म्हणाला, मी सांगितलं तेवढंच केलं. कुणी म्हणालं, सगळा दोष त्या काजव्याचा. ठकूबाईनं आपली पोरं जवळ ओढून घेतली.

चपळाबाई त्या मोठ्या दारात शेंगा घेऊन बसली होती. रडून रडून तिचा घसा बसला. तरी तिचं एकच चाललं होतं.

"उपाशीच गेलं हो माझं लेकरू!"

तात्पर्य: मूल दारात अडकलं तर त्याचं ताट लहान करू नये, दार मोठं करावं. लोक आईला नावं ठेवतात ती ताट बघून. दार कोण बघतं? आणि जो म्हणेल "बाळ वाळलं की गं," तेवढाच आपला समजावा. बाकीचे जळतात.