तोझरचा नवरा

बाईनं एकटीनं प्रवास कसा करावा, हे मला कुणी शिकवू नये! घरबसल्या मी सगळा अभ्यास करून ठेवला होता. अंग चोरून बसायचं नाही, ऐसपैस बसायचं. खिडकी सोडायची नाही. बोटात अंगठी हवी, आणि तोंडी नवरा हवा!

अंगठी स्फाक्सच्या बाजारात मिळाली. नवरा बाजारात मिळत नाही. तसा तो मला सेहेचाळीस वर्षांत कुठंच मिळाला नाही. आईचं दुखणं काढता काढता मला मागणी घालणारेच म्हातारे झाले! या हिवाळ्यात आई गेली. घर एवढं शांत झालं, की स्वतःच्या चपलेचा आवाज आला तरी दचकायला व्हायचं. मग पोरवयापासून मनात धरलेली एक गोष्ट वर आली. तोझरच्या पलीकडं मिठाचं सरोवर आहे. तिथं पाणी नसतं म्हणे, पण दिसतं. ते मला बघायचं होतं.

"मी येतो सोबत," भाऊ शादली म्हणाला.

"तू आलास की तू बोलणार आणि मी ऐकणार. सरोवर कोण बघणार?"

"दलीला, अगं रस्त्यावर कसली कसली माणसं असतात!"

"असू देत की. नवरा घेऊन चाललेय," म्हटलं, आणि लुआजच्या, म्हणजे आठ जणांच्या भाड्याच्या गाडीच्या, अड्ड्यावर आले. आठवा प्रवासी चढला तशी गाडी सुटली.

आठवा प्रवासी नेमका माझ्या शेजारी! काळा गॉगल, आणि अत्तर एवढं की जणू बाटलीतच पोहून आलेला. त्याचा गुडघा हळूहळू माझ्या हद्दीत शिरायला लागला.

"एकट्याच?"

"नवरा न्यायला येणार आहे. तोझरला असतो. पोलिसात!"

गुडघा असा मागं गेला, जणू चटका बसला!

इथंच थांबायला हवं होतं. पण पुढच्या बाकावरची मबरूका मावशी अख्खी वळून बसली. "पोलिसात? नाव काय गं?"

"नूरी," मी ठोकून दिलं.

"मारतो-बिरतो का?"

"छे हो मावशी! आवाजसुद्धा चढवत नाही. बाजारातून येताना न सांगता अंजीर आणतो. मी दमले की चहाचे पेले आपणच विसळतो. पावलं वाजली की मला कळतं, आला."

गाडीतल्या बायका वळून वळून माझ्याकडं बघायला लागल्या. खरं सांगू? थाप मारता मारता त्या नूरीची मलाच आठवण यायला लागली!

गफ्साच्या अलीकडं आमचा ड्रायव्हर लझहर एका ट्रकच्या पुढं अशा जोशात गेला, की नाक्यावरच्या पोलिसानं शिट्टी मारून गाडी बाजूला घेतली. लझहर गयावया करू लागला, "साहेब, सोडा की! आमच्या गाडीत तुमच्याच खात्यातल्या वहिनी आहेत. तोझरच्या नूरीसाहेबांच्या!"

मी सीटखाली जागा आहे का ते पाहिलं. नव्हती.

पोलीस खिडकीशी आला. चेहरा बघता बघता फुलला. "नूरीसाहेब? अहो, त्यांच्या हाताखाली शिकलो मी! वहिनी, तुम्ही परत निघालात? गेला एकदाचा राग?"

तोझरच्या पोलिसात खराखुरा नूरी निघेल, हे अभ्यासात नव्हतं! तोंड उघडावं, तर शेजारी गॉगल कान टवकारून बसलेला. आणि मबरूका मावशी डोळे पुसत म्हणते, "भांडून माहेरी गेली होतीस होय? आणि आम्हाला नुसती अंजिरं सांगितलीस! गुणाची गं बाई!"

तोवर पोलिसानं फोन लावलाही. "साहेब, वहिनी येताहेत! हो, तोझरच्या लुआजमध्ये!"

मग पोलिसानं फोन बाजूला करून मला विचारलं, "साहेब विचारताहेत, जेवलात का?"

आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. खोटं बोलायला आलेली मी, पटकन खरंच बोलून गेले. "नाही."

तोझरला तो उभा होता. कडक इस्त्रीचा सदरा, हातात जाईचा लहानसा गुच्छ, मिशीत पांढरं. एकेक माणूस उतरत होतं आणि तो प्रत्येकाच्या मागं बघत होता. सगळे उतरले. तो रिकाम्या गाडीत बघतच राहिला.

"अरे, गाडीत काय शोधतोस? बायको इथं उभी आहे!" मबरूका मावशी खेकसली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या अंगठीकडं. मग माझ्या मागं रेंगाळणाऱ्या गॉगलकडं. पोलीसच तो! क्षणात सगळं उमगलं त्याला. त्याचा चेहरा कसा उतरला ते फक्त मी पाहिलं, कारण लगेच तो मोठ्यानं म्हणाला, "किती उशीर गं! चल, चहा निवतोय."

"एवढ्या लांब बाईमाणसाला एकटं येऊ देतात?" मावशीनं त्याला झापलं.

"चुकलं मावशी," तो मान खाली घालून म्हणाला.

गॉगल कधी पसार झाला, कळलंही नाही.

माझी बॅग त्यानं डिकीत टाकली, आणि त्याच्या गाडीत मी रडत रडत सगळं सांगितलं. तो रागावला नाही. खजुरीच्या बागेतल्या चहाच्या दुकानात त्यानं मला आधी ब्रिक, म्हणजे आत अंडं घालून तळलेली कुरकुरीत घडी, खाऊ घातली.

"रबाह नाव तिचं. चार वर्षं झाली, नाबलला माहेरी आहे. ड्यूटी संपली तरी मी घरात पोलीसच राहायचो. आता माझा फोन उचलत नाही." मग त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगत होतात गाडीत?"

मी अंजिरं सांगितली. पेले सांगितले.

"बरा माणूस दिसतो," तो म्हणाला. "तो असता, तर ती गेली नसती."

मला कुणाचं दुःख बघवत नाही. हाच माझा दोष! "द्या नंबर," म्हटलं. "माझ्या फोनवरून लावते. बाईचा आवाज ऐकून बोलेल तरी!"

फोन उचलला गेला. मी गोड आवाज काढला. "रबाहताई, मी तोझरहून बोलतेय. नूरी इथं माझ्याजवळच बसलेत, आणि—"

"कोण गं तू?"

"मी तशी कुणी नाही! म्हणजे गाडीतल्या सगळ्यांना वाटलं, की मीच त्यांची बायको—"

पुढचं छापण्याजोगं नाही! शेवटचं वाक्य तेवढं बागेतल्या पाखरांनीही ऐकलं: "उद्या पहिल्या गाडीनं येतेय! बघतेच तुला!"

मी पांढरीफटक पडले. नूरी मात्र उभाच राहिला. "येतेय? काय म्हणाली, येतेय?" त्यानं चारचौघांत माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं, बहिणीचं घ्यावं तसं. "घर झाडायला हवं! मटण आणायला हवं! अंजीर! अंजीर मिळतील आता?"

धावतच तो गाडीकडं गेला. जाईचा गुच्छसुद्धा टेबलावरून उचलून घेऊन गेला. मी त्याच्या पावलांचा आवाज ऐकत बसले. खजुरीच्या रांगांमधून गाडी लहान लहान होत गेली. हाक मारली असती, तर ऐकू गेली असती. नाही मारली. इतक्या आनंदानं घरी निघालेला पुरुष मी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. शिवाय दीड दिवस का होईना, तो माझा होता!

बरं, दीड दिवस नाही. अर्धाच.

गाडी दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. माझी बॅग, माझे झगे, माझा रात्रीचा गाऊन, सगळं त्याच्या डिकीत होतं. आणि रबाह उद्या पहिल्या गाडीनं येत होती!