शांत जागा काढून टाका

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बाबा अडकले. खुर्चीवरचे बाबा व्यवस्थित चालू होते, बशीत ओतून चहा पीत होते. अडकले होते ते लॅपटॉपच्या पडद्यावरचे. उजवा हात वर, तोंड अर्धवट उघडं आणि नाकासमोर गरगर फिरणारं एक चक्र.

"मी काय म्हणत होतो तिथे?" बाबांनी विचारलं.

"तेच बघायचंय. पुढे सरकत नाहीये."

"मग मीच सांगतो ना. इथेच बसलोय."

"बाबा, प्लीज. काम करू द्या."

प्रकरण गंभीर होतं. बाबा चौतीस वर्षं वजनमापे खात्यात तपासनीस होते आणि खात्याच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेने प्रत्येक सभासदाकडून तीन मिनिटांची परिचयफीत मागवली होती. बाबांना त्यात काडीचा रस नव्हता. मुलीला मात्र होता, कारण ती पुस्तकं वाचणारी बाई होती आणि वडिलांचं आयुष्य नीट संपादित व्हायला हवं असं तिला वाटत असे. सकाळचं चित्रण लॅपटॉपच्या पचनी पडत नव्हतं, म्हणून दुपारी तिने फोन तिकाटण्यावर लावून दुसऱ्यांदा चित्रण सुरू केलं, आणि ते चालू असताना पहिलं चालतंय का हे बघत बसली.

ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात होती. "आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे, यथावकाश कार्यवाही होईल" हे वाक्य तिचं. अकरा वर्षं ते वाक्य बिनबोभाट राबत होतं आणि त्यानंतर सहसा कुणी दुसरं पत्र पाठवत नसे. विभागात याला समाधानाचं प्रमाण म्हणत. बाबा तिला 'साहेब' म्हणत, ते काही उगाच नाही.

बाबांचा कामातला नियम एकच होता. दुकानदार काटा दाखवायला लागला की काट्याकडे बघायचं नाही, खाली वाकायचं. खोट वर कधीच नसते. पारड्याला चिकटवलेला चुंबक, पायाखाली सरकवलेला पुठ्ठा, सगळं खाली. या नियमापायी त्यांच्या दोन बढत्या हुकल्या होत्या आणि त्यांना कंबरेचं दुखणं मिळालं होतं.

"साहेब," बाबा म्हणाले, "मी एकदा खालून बघू का?"

"बाबा, हा तराजू नाही."

"नाही गं, पण गरम किती झालंय बघ. खाली काहीतरी—"

"नंतर बघू."

"बरं," बाबा म्हणाले, आणि बशी धुवायला घेऊन गेले. जाताना त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलून जागेवर ठेवला. तो नऊ वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्या पिशवीवरून मुलगी त्यांना नऊ वर्षं हसत होती.

शुक्रवारी सकाळी बाबा दूध आणायला निघाले, बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. ते बाबांबद्दल बोलत होते.

चौथ्या दिवशी संघटनेच्या सचिवांचा फोन आला. आवाजात दुःख होतं आणि दुःखाच्या मागे कागदांची चाळवाचाळव.

"फार वाईट झालं हो. असा तपासनीस होणे नाही. बरं, त्या फितीचं असं आहे, की त्यांचं नाव आता नमुना ब मध्ये गेलंय."

"आधी?"

"नमुना अ. तो हयात सभासदांचा. ब मध्ये पाच मिनिटं मिळतात."

म्हणजे गेल्याबद्दल बाबांना दोन मिनिटं वाढवून मिळाली होती. चौतीस वर्षांत खात्याने त्यांना विनाअर्ज दिलेली ही पहिलीच गोष्ट.

"शनिवारी स्मरणसभा. फाइल सकाळी अकराच्या आत हवी. अकरा म्हणजे अकरा, कारण मग हॉलवाले यंत्र बंद करतात. आली नाही तर नुसतं नाव वाचून दाखवू."

नुसतं नाव. मुलीने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. बाबा तसेच होते, हात वर, तोंड उघडं, नाकासमोर चक्र.

तिने संपादनाचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. सहायक क्रमांक सात याने तत्परतेने उत्तर दिलं: "आपली अडचण आमच्यासाठी महत्त्वाची आहे." वाक्याची ठेवण तिला ओळखीची वाटली, पण कामाच्या गडबडीत तिने तिकडे दुर्लक्ष केलं. सहायकाने सांगितलं, इतर सर्व प्रोग्रॅम बंद करा. तिने केले. मग त्याने सांगितलं, जे पार्श्वभूमीत न दिसता चालू असतं तेही बंद करा, त्याची सहसा गरज नसते. तिने तेही केलं. बाबा दोन बोटं पुढे सरकले आणि पुन्हा थांबले.

डिस्कवर जागा मोकळी करायला सांगितल्यावर तिने कार्यालयाची नऊ वर्षांची पत्रं उडवली, अर्धवट राहिलेली स्वतःची कादंबरी उडवली (जगाचं नुकसान झालं नाही), आणि शेवटी आईच्या आजारपणातले रिपोर्ट उडवताना क्षणभर थांबून तेही उडवले. सहायकाने अभिनंदन केलं. बाबांनी हात खाली घेतला आणि त्या अवस्थेत अडकले.

"आता रिझोल्यूशन कमी करून पाहा," सहायकाने लिहिलं. "चित्र अर्ध्या दर्जाचे दिसेल, परंतु सुरळीत चालेल."

अर्ध्यावर बाबांच्या भुवईवरचा तीळ गेला. पाव केल्यावर चष्मा आणि डोळे एक झाले. एक अष्टमांशावर मात्र काय आश्चर्य, बाबा लोण्यासारखे चालू लागले. फक्त ते बाबा राहिले नव्हते. राखाडी चौकोनांचा एक ढीग खुर्चीत बसून अदबीने मान हलवत होता.

बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, तेव्हा समाचाराला आलेले होते. ते पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"आप्पा फार छान आलेत," ते म्हणाले.

"काका, हे तुमचे वडील नाहीत. हे बाबा आहेत."

"असं? मग जरा लांबून बघतो." ते दारापर्यंत मागे गेले. "हां. इथून दादाच आहे. लोकांना मागच्या रांगेत बसवा म्हणजे झालं." मग म्हणाले, "माझं एखादं वाक्य कुठे बसवता येईल का गं? शेवटी सख्खा भाऊ मी."

खरा सख्खा भाऊ, म्हणजे मुलीचा, सातासमुद्रापार होता आणि रोज फोनवरून शोक आणि सल्ला दोन्ही पाठवत होता.

"ताई, रॅम किती आहे?"

"आठ."

"आठ? आठमध्ये काय होतंय! निदान सोळा तरी हवी."

"बाबांचं आयुष्य आठमध्ये मावेल रे."

"भावनिक होऊ नकोस. फीत किती मिनिटांची आहे?"

"सत्तेचाळीस. सकाळची चालेना, म्हणून आता दुपारची चढवलीय. तेव्हा फोन चालूच राहिला होता."

"मग दमणारच ना ते! त्यात निम्मं काहीच नसणार. बाबा बोलायचे तरी किती? असं कर, त्यात एक बटण आहे. 'शांत जागा काढून टाका'. ते दाब. आपोआप छाटतं."

हे तिला पटलं. खरं तर भाऊ म्हणाला ते एरवी तिला सहसा पटत नसे, पण शनिवारचे सव्वानऊ झाले होते आणि माणूस बुडायला लागला की काडीचीही रॅम विचारत नाही. तिने बटण दाबलं. पंखा विमानासारखा घोंघावला, आणि पाच मिनिटांत पडद्यावर अहवाल आला: "४१ मिनिटे ४९ सेकंदांचा अनावश्यक भाग वगळला. उर्वरित ५ मिनिटे ११ सेकंद. आपला वेळ वाचला!"

पाच अकरा! नमुना ब मध्ये जवळजवळ चपखल. तिला हलकं वाटलं. अकरा सेकंद इकडेतिकडे कापता आले असते. तिने फीत सुरू केली. आखूड झाल्यामुळे ती आता पूर्ण दर्जातही रडतखडत का होईना, चालली.

"बाबा, इकडे बघा," फीत म्हणाली. "हात हलवू नका. मोठ्याने बोला. तसं नाही. अहो, किती हळू बोलता! परत. नाही, ते चुंबकाचं नको, कुणाला कळणार नाही. परत. सरळ बसा. बाबा, हा तराजू नाही. नंतर बघू. परत."

पाच मिनिटं अकरा सेकंद सगळा आवाज तिचा होता. पडद्यावर बाबा तोंड उघडत, आणि बोलू लागण्याआधीच कापले जाऊन पुढच्या ठिकाणी बसलेले दिसत. त्यांचे तीन 'बरं' तेवढे वाचले होते, तेही तिच्या वाक्यांना चिकटून बसले म्हणून.

तिने सहायकाला लिहिलं: "तुमच्या यंत्रणेने माझ्या वडिलांना शांतता ठरवलं आहे."

सहायकाने खुलासा केला, की ठरावीक पातळीखालचा आवाज शांतता समजला जातो. पातळी वापरकर्त्याच्या आवाजावरून आपोआप ठरते.

"म्हणजे माझ्या?"

"चित्रणातील सर्वांत मोठा आवाज प्रमाण मानला जातो."

चौतीस वर्षं दुसऱ्यांची प्रमाणं तपासणाऱ्या माणसाला शेवटी हे माप लागलं होतं. तिने लिहिलं, हे अन्यायकारक आहे, माझे वडील हळू बोलत होते पण बोलत होते, आणि ते ऐकण्यासारखं होतं.

"आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे," सहायक क्रमांक सातने उत्तर दिलं. "यथावकाश कार्यवाही होईल."

ती त्या वाक्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं ते तिने पाठवलं होतं. घरी आलेलं पहिल्यांदाच पाहत होती. वाक्य उत्तम होतं. त्यावर काहीसुद्धा बोलता येत नव्हतं.

थोड्या वेळाने त्याच्याखाली आणखी एक ओळ उमटली: "वगळलेला भाग हवा असल्यास मूळ फीत पाहावी."

मूळ फीत. ती फोनमध्ये होती. फोनवर ती पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालत होती. पण इतके दिवस मुलगी फीत कापत होती, हलकी करत होती, तिचा दर्जा उतरवत होती. बघितली मात्र नव्हती. दहा वाजायला वीस मिनिटं होती. तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवला आणि वडील बघायला सुरुवात केली.

बाबा चुंबकाची गोष्ट सांगत होते. तीन वेळा सुरू केली होती, तिन्ही वेळा मधेच तुटली. मग ती लॅपटॉपशी भांडताना ऐकू येत होती, आणि बाबा तिच्याकडे बघत होते. बराच वेळ. बशी धुऊन परत येऊन बसले, तरी बघतच होते. एकतिसाव्या मिनिटाला ती चार्जरची वायर शोधायला आतल्या खोलीत गेली.

बाबांनी दाराकडे पाहिलं. चष्मा सारखा केला. उठले, दुकानदाराचा काटा उचलावा तसा दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि कंबरेवर हात न ठेवता, जसे पूर्वी वाकत तसे, खाली वाकले. खालून एक बोट फिरवलं. तळहात जवळ धरून पाहिला. मग यंत्र अलगद होतं तसं ठेवून खुर्चीत बसले आणि, त्यांना फोनकडे बघून बोलायचं बजावलेलं असल्यामुळे, फोनकडे बघून हळूच म्हणाले:

"हिने खाली प्लास्टिक चिकटवलंय. भोकं सगळी बंद. जीव गुदमरतोय बिचाऱ्याचा." दाराकडे पुन्हा एकदा नजर. "आत्ता सांगितलं तर ओरडेल. उद्या सांगतो."

आतून ती आली. "काय करत होतात? हात लावलात का?"

"काही नाही."

"हात लावू नका त्याला."

"बरं."

मुलीने लॅपटॉप उलटा केला. विकत घेतला त्याच दिवशी, ओरखडे पडू नयेत म्हणून, तिने स्वतःच्या हाताने पारदर्शक वेष्टन चिकटवलं होतं. बुडबुडे राहू नयेत म्हणून वरून पट्टी फिरवली होती. काम सुबक झालं होतं. चिकटवणारी पुस्तकं वाचणारी असल्यामुळे कोपरेसुद्धा काटकोनात होते. त्याच्याखाली हवेच्या भोकांच्या चार रांगा होत्या, चारही बंद. शेजारीच टेबलावर पिशवीतला रिमोट होता. त्याला निदान श्वास घ्यायचा नव्हता.

तिने नखाने कोपरा उचलला आणि वेष्टन सोलून काढलं. पंखा एकदा मोठ्याने सुटला, खाकरला आणि काही वेळाने गप्प झाला. पूर्ण दर्जात, रॅम आठ, काहीही न काढता, बाबा चालू लागले. भुवईवर तीळ होता.

तिने लांबचलांब फितीतून एकच सलग तुकडा घेतला, चष्मा सारखा करण्यापासून शेवटच्या 'बरं'पर्यंत. पाच मिनिटांची गरज पडली नाही. फाइल पावणेअकराला गेली. काकांचं वाक्य बसवता आलं नाही. सचिवांनी कळवलं की मिळाली, पण आवाज फार कमी आहे, सभागृहात लोकांना गप्प बसवावं लागेल.

"बसवा," ती म्हणाली.

ही गोष्ट इथवर वाचलेली मंडळी आता आपापला लॅपटॉप उलटा करून बघतील. ज्या माणसाला फोन करायचा राहून गेलाय त्याला मात्र नंतर करतील.

निघायला दहा मिनिटं होती. तिने तुकडा पुन्हा लावला. बाबा वाकले, उठले, खुर्चीत बसले, दाराकडे बघून म्हणाले, "उद्या सांगतो." तिथे तिने त्यांना थांबवलं. या वेळी ते अडकले नव्हते, तिने थांबवलं होतं. घरात कुणी नव्हतं आणि तिचा आवाज बाबांच्या आवाजाइतकाच हळू निघाला. त्या यंत्रणेच्या मापाने ती शांतताच भरली असती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं."