पिंपळापुरे काकांची लहान चिप

अशोका गार्डनमधले आमचे शेजारी पिंपळापुरे काका घरात आले की आधी लॅपटॉपकडे बघतात, माणसांकडे मागाहून. पालथा हात त्याच्या पोटाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “ताप आहे ह्याला.” मंडीदीपच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून निवृत्त झालेला माणूस, वाद घालायची सोय नाही.

माझ्या मुलीसाठी लॅपटॉप घेताना त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. “लहान चिप स्वस्त पडते, मान्य. पण पंगतीत एकच वाढपी ठेवला तर तो पळणार, तापणार, वीज खाणार. मोठ्या चिपमध्ये वाढपी जास्त. सगळे सावकाश चालतात, वीज वाचते. महाग असते, पण थंड राहते. भैया, बड़ी चिपवाला दिखाओ! और दौड़ाओ मत उसको!”

दुकानदाराने महागातला काढला.

सरोजकाकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. परवा भर थंडीत दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ते चहा टाकायला आत गेले आणि मी खिडकीजवळच्या, शाल पांघरलेल्या खुर्चीत टेकलो.

खुर्ची गरम होती. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. घरात तर आम्ही दोघेच. आणि माझ्या खालून बारीक घरघर येत होती. थांबायची, पुन्हा यायची. मी ताडकन उठलो.

“तिथे नको बसू,” काका कप घेऊन दारात उभे होते. “सरोजची आहे ती.”

माझ्या अंगावर काटा आला. काकांनी शाल उचलली. उशीखाली लाकडी खोक्यात एक जुनाट लॅपटॉप चालू होता.

“लहान चिप. दिवसभर मी त्याला उगाच गणितं करायला लावतो, म्हणून तो तापतो. तिला थंडी सोसायची नाही. हाच मांडीवर घेऊन बसायची आणि मी भट्टी, भट्टी म्हणून ओरडायचो. नव्या चिपांना ऊबच नाही रे. आता खुर्चीला हात लावला अन् गार लागली, की...”

तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे घरघरही थांबली. काकांनी उशीवर तळहात ठेवला आणि तो उचलेचनात.

“गार पडतेय,” ते म्हणाले. एवढा घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. मग मला म्हणाले, “बस तू. लाइट येईपर्यंत बस, ऊब राहील.”

मी बसलो. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. काकांनी शाल माझ्या गुडघ्यांवर नीट पसरली, हातात कप दिला आणि समोर बसले.

“आलं जास्त झालं का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी हळूच म्हणालो, “छान झालाय.”